डोळ्यांची भाकर

पोराबाळांना काय दाखवावं, असं आता घराघरांत विचारतात. आपल्याकडं हा सवाल टीव्ही यायच्या आधीपासूनचा आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला नुसतं बघायलासुद्धा जागा नव्हती; देवळापुढं खेळ झाला तर तो लांबून बघायचा. आणि फडात नाचायला, ढोलकीला मात्र आपलीच माणसं!

सत्यशोधक जलशांनी तमाशा आतून बदलला. 1930 नंतर नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी ठेवली, सोंग ठेवलं. शृंगार गाळला, त्या जागी शाळा, कर्ज, पाणवठा आला. काय बघायचं नाही हे आपल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या लोकांनी तेव्हाच ठरवलं होतं. मला तरी हा मोठा इतिहास वाटतो.

मग पडदा आला. 1936 चा 'अछूत कन्या' घ्या. आपली पोरगी शेवटी आगगाडीखाली मरते. 1959 चा 'सुजाता' घ्या. सुजातानं रक्त दिलं तेव्हा कुठं ती घरची झाली. हेतू चांगले होते, नाही कोण म्हणतो? पण मरायचं आपण, रक्त द्यायचं आपण, आणि मन पालटायचं त्यांचं! असल्या सिनेमावर रडून पोट भरत नाही बाबांनो.

आमचा मुलूख भोर-वेल्ह्याचा. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. तोरणा, राजगड इथलेच. शिवकाळावर कितीतरी सिनेमे निघाले; भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' 1952 चा. पण गडांच्या घेऱ्यातली मेटं महार, रामोशी, कोळ्यांनी राखली, तो पहारेकरी पडद्यावर भाला धरून मागं उभा. त्याला नाव नाही, बायको नाही, भूक नाही. भोरच्या राजवाड्यात आजवर कितीक सिनेमांची शूटिंगं झाली. पंतसचिवांचा दरवाजा सगळ्या देशानं बघितला. महारवाडा कुणी बघितला?

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढं आमच्या शेजारच्या सिंहगडावर मनोरा उभा राहिला. त्याच दूरदर्शनसाठी 1981 मध्ये सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर 'सद्गती' केला. पंडिताचं लाकूड फोडता फोडता दुखी मरतो. इथंही मरणच आहे, पण कुणाचं मन पालटत नाही, माफी नाही, गोडवा नाही. म्हणून तो पचतो. 1987 च्या जानेवारीत 'रामायण' लागलं, अन् टीव्हीला हार घातले गेले. आपल्याही वस्त्यांत घातले, हे झाकून कशाला ठेवायचं?

जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' 2000 चा, नागराज मंजुळेंचा 'फँड्री' 2013 चा. चौदा एप्रिलला डीजे आणायला वर्गणी निघते. त्यातल्या थोड्या पैशात समाजमंदिराच्या भिंतीवर हे दोन आणि 'सद्गती' दाखवता येतात. म्हाताऱ्यांना पुढं बसवा. दिवे लगेच लावू नका, पोरं काय विचारतात ते ऐका.