औषधांची दुसरी ओळख

आमच्या परभणीतल्या कोणत्याही औषधांच्या दुकानात पाहा: सर्दीची गोळी एका फळीवर, मनोविकाराची दुसऱ्या, जंतू मारणारी प्रतिजैविके तिसऱ्या. ही वाटणी माणसाने आपल्या सोयीसाठी केली. जंतूंना तिची खबरही नाही. शास्त्रज्ञांना हे कसे उमगत गेले, ती हकीकत मला मोठी मनोरंजक वाटते.

१८९१ साली जर्मनीत पॉल एर्लिख आणि गुटमान यांनी मिथिलीन ब्लू हा निळा रंग हिवतापाच्या दोन रोग्यांना दिला आणि त्यांना गुण आला. रंगाचे औषध झाले! याच रंगाच्या रासायनिक घराण्यात १९५० साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन जन्मले आणि १९५२ पासून ते मनोरुग्णांना देऊ लागले. पण घराण्याचा गुण जातो कोठे? प्रयोगशाळेत पाहिले, तो हे औषधही जंतूंची वाढ रोखते असे आढळले.

आपल्या देशात हा शोध कलकत्त्याला नेटाने चालला. सुजाता दस्तिदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲलर्जीवरचे बेनाड्रिल जंतूंवर लावून पाहिले आणि १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा परीक्षेची रीत सोपी असते. जंतूंच्या खाद्यात औषध चढत्या प्रमाणात मिसळायचे आणि कोणत्या प्रमाणाला वाढ थांबते ते पाहायचे.

पुढे २०१८ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी हजारावर औषधे माणसाच्या आतड्यातील ४० जंतुप्रकारांवर तपासली. त्या संशोधकांत किरण रावसाहेब पाटील हे मराठी नाव वाचून मला अभिमान वाटला. माणसाच्या शरीरावर काम करण्यासाठी बनवलेल्या, म्हणजे प्रतिजैविक नसलेल्या, औषधांपैकी सुमारे २४ टक्के औषधांनी निदान एका तरी जंतुप्रकाराची वाढ रोखली!

मग प्रतिजैविकांची चिंता मिटली म्हणावे काय? छे! काचेच्या बशीत जंतू थांबवण्यास लागणारी मात्रा पुष्कळदा माणसाला सोसणारी नसते. शिवाय आतड्यातले बरेच जंतू आपले उपकारकर्तेच. आणखी एक इशारा त्याच संशोधनात आहे: जे जंतू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, ते बहुधा या इतर औषधांनाही जुमानत नाहीत. म्हणजे आपण साधी समजून घेतलेली गोळीदेखील जंतूंना निगरगट्ट होण्याचे शिक्षण देत असेल.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या फराळानंतर पोट बिघडले, तर शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी मागण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिची एकच ओळख आपल्याला ठाऊक असते.