बोललेली गाथा : भाणक आणि जलसाकार

पालि भाषेतील ‘भाणक’ हा शब्द ‘भण्’ म्हणजे बोलणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. बुद्धवचन मुखोद्गत करून ते संघापुढे आणि लोकांपुढे म्हणणारा तो भाणक होय. दीघनिकाय म्हणणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय म्हणणारे मज्झिमभाणक असे त्यांचे वर्ग होते. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभयाच्या काळी, सिंहलद्वीपात तिपिटक ग्रंथारूढ झाले. तोपर्यंत धम्म टिकला तो वाणीवर. ‘सङ्गीति’ या शब्दाचा मूळ अर्थही एकत्र म्हणणे असाच आहे. महाराष्ट्राला ही परंपरा परकी नव्हती. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभावर सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय शाखेतील सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे.

ही बोललेली गाथा केवळ नीतीचा उपदेश करीत होती काय? थेरीगाथेतील पुण्णिका थेरीच्या सोळा गाथा पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. पुण्णिका ही अनाथपिण्डिकाच्या घरची दासी. मालकिणीच्या शिक्षेच्या व शिव्यांच्या भयाने तिला कडाक्याच्या थंडीतही पाणी आणण्यासाठी नदीत उतरावे लागे. तेथेच एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करताना तिला दिसतो. मी धन्याच्या भयाने पाण्यात उतरते, तू कोणाच्या भयाने उतरतोस, असे ती त्याला विचारते. पाप धुण्यासाठी, असे तो सांगतो. त्यावर ती म्हणते की, असे असेल तर बेडूक, कासवे आणि मगरी सर्वच स्वर्गाला जातील. शिवाय नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही वाहून नेईल. निरुत्तर झालेला ब्राह्मण तिला वस्त्र देऊ करतो. ती ते नाकारते आणि पापकर्मच न करण्यास सांगते. शेवटी तो त्रिशरण स्वीकारतो.

या गाथांचे सामर्थ्य त्यांच्या संवादरूपात आहे. येथे प्रश्न विचारणारी दासी आहे आणि उत्तर देणारा ब्राह्मण. तिचा युक्तिवाद कोणत्याही ग्रंथावर आधारलेला नाही. तो रोज पाणी भरणाऱ्या बाईच्या अनुभवातून आला आहे. त्यामुळे निरक्षर श्रोत्यालाही तो तत्काळ पटतो.

अशीच रचना आपल्याला आंबेडकरी जलशात आढळते. भाणक आणि जलसाकार यांच्यात अखंड परंपरा होती, असे आम्ही म्हणत नाही. जलशाचा आकृतिबंध तमाशातून आला आणि प्रबोधनासाठी त्याचा वापर प्रथम सत्यशोधकांनी केला. साम्य आहे ते प्रयोजनाचे आणि पद्धतीचे. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच परिसरात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जलसा उभा राहिला. देवस्तुती व शृंगार यांची जागा तेथे चळवळीच्या विचाराने घेतली. शिक्षण घ्या, मृत जनावरांचे मांस सोडा, वतनाची गुलामी झुगारा, हा संदेश वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या वस्त्यांपर्यंत गीतांनी आणि बतावणीने पोहोचविला. बतावणीत एक जुन्या समजुती धरून बसलेला असे, दुसरा त्याला प्रश्न विचारी. पुण्णिकेचीही पद्धत हीच होती.

पाण्याचाही येथे विचार केला पाहिजे. पुण्णिकेसमोरचा ब्राह्मण पाण्याने माणूस शुद्ध होतो असे मानीत होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणारे पुढे आले आणि त्यांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करविले. या दोन्ही समजुतींचे मूळ एकच आहे : माणसाची योग्यता त्याच्या कर्माबाहेर शोधणे.

दोन्ही परंपरांत एक भेद मात्र गंभीर आहे. भाणकांनी पाठांतराचे काम वाटून घेतले, शिष्य तयार केले. म्हणून एका दासीचा प्रश्न आज आपल्या हाती आहे. जलशांचे तसे झाले नाही. कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हा ग्रंथ लिहिला, हे मोठे उपकार होत. वामनदादा कर्डकांची गीते आजही भीमजयंतीला गायिली जातात. परंतु ऐन वेळी सुचलेली बतावणी आणि अनेक गीतांच्या चाली त्या त्या कलावंताबरोबर गेल्या. छापलेल्या ओळीत आवाज उरत नाही.

म्हणून विहारांनी हे कार्य हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते. प्रत्येक विहारात वृद्धांच्या स्मरणातील गीते चालींसह ध्वनिमुद्रित व्हावीत आणि चार तरुणांनी ती मुखोद्गत करावीत. वंदनेनंतरची थोडी वेळ त्यासाठी पुरेल. कार्ल्याच्या स्तंभावर एका भाणकाचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आपल्या जलसाकारांची वाणी एका पिढीत लोपू देणे आपणास शोभणारे नाही.