कुरण आणि कुंपण : पिल्टनच्या संगीतमेळ्याच्या इतिहासातील एक प्रश्न

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील सॉमरसेट परगण्यात ग्लॅस्टनबरी नावाचे एक लहान नगर आहे. त्याच्या पूर्वेस सुमारे सहा मैलांवर पिल्टन हे खेडे लागते. ग्लॅस्टनबरीच्या नावाने जगभर ओळखला जाणारा उन्हाळी संगीतमेळा वस्तुतः या पिल्टनच्या शिवारात, वर्दी फार्म नावाच्या एका दुभत्या गाईंच्या शेतावर भरतो. कीर्ती एका गावाची आणि चिखल दुसऱ्या गावाचा, अशी ही वाटणी आहे. या मेळ्यात कोणत्या वर्षी कोण गायले, याच्या याद्या पुष्कळ उपलब्ध आहेत. परंतु मेळ्यास येणाऱ्या माणसाचे त्या शेतावरील स्थान नेमके काय होते, तो पाहुणा होता, यात्रेकरू होता की ग्राहक होता, आणि त्याला आत घेण्याचा वा बाहेर ठेवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे अवश्य आहे. इंग्रजीतील ‘फेअर’ हा शब्द लॅटिन ‘फेरिआ’ म्हणजे सणाचा, सुटीचा दिवस यावरून आला. मध्ययुगात जत्रा भरविण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे आणि मठ, नगरे किंवा जमीनदार तो उपभोगीत. ‘फेस्टिव्हल’ हा शब्द संगीताच्या संदर्भात रूढ झाला तो पुढे, मुख्यतः गायकवृंदांच्या संमेलनांमुळे. हेरफर्ड, ग्लॉस्टर आणि वुस्टर येथील तीन कॅथीड्रलांच्या गायकवृंदांचा वार्षिक मेळा अठराव्या शतकाच्या आरंभापासून भरत आला आहे. जत्रेस माणूस आपण होऊन जातो; उत्सवास त्याला निमंत्रण असते किंवा त्याच्यापाशी तिकीट असते. पिल्टनच्या मेळ्यात या दोन कल्पनांचा झगडा दीर्घकाळ चालला, आणि त्याची खूण मेळ्याच्या नावांतही सापडते.

ग्लॅस्टनबरीच्या नावाने संगीतोत्सव प्रथम भरला तो १९१४ साली. रटलंड बॉटन (१८७८–१९६०) या संगीतकाराच्या मनात आर्थर राजाच्या कथांवर संगीतनाटकांची एक मालिका रचावयाची होती आणि त्या कथांशी जोडलेल्या याच भूमीवर तिच्यासाठी एक नाट्यगृह उभारावयाचे होते. ते नाट्यगृह कधीच उभे राहिले नाही. गावच्या असेंब्ली रूम्समध्ये, साध्या रंगमंचावर, २६ ऑगस्ट १९१४ रोजी त्याच्या ‘दि इमॉर्टल अवर’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. युद्ध नुकतेच पेटले होते. वाद्यवृंदाचा बेत मोडला आणि सारी साथ एका पियानोवर भागवावी लागली. स्ट्रीट या शेजारच्या गावातील क्लार्क या चर्मकारखानदार घराण्याने या उपक्रमास पैसा पुरविला. बर्नार्ड शॉ व एल्गार यांची सहानुभूती त्यास लाभली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या उत्सवात गाणारे आणि ऐकणारे यांच्यामध्ये पक्की भिंत नव्हती. गायकवृंदात गावातील सामान्य स्त्रीपुरुष असत.

१९२२ साली लंडनमध्ये ‘दि इमॉर्टल अवर’चे सलग २१६ प्रयोग झाले, आणि ग्रामीण उत्सवातून निघालेली कृती राजधानीत असाधारण लोकप्रिय ठरली. परंतु बॉटन हे उघडपणे साम्यवादी विचारांचे होते. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या वर्षी त्यांनी आपले ‘बेथलहेम’ हे ख्रिस्तजन्माचे नाटक आधुनिक वेषात सादर केले आणि हेरोद राजास उंच टोपी घातलेला भांडवलदार करून रंगमंचावर आणले. आश्रयदाते दुरावले. पुढच्याच वर्षी उत्सवाची संस्था बुडीत निघाली. पाठबळ देणाऱ्याच्या मर्जीवर उभा असलेला उत्सव किती स्वतंत्र असतो, याचे हे पहिले उत्तर म्हणावे लागेल.

त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, बॉटन यांच्या उद्योगाशी काहीही संबंध नसताना, पिल्टनमध्ये दुसरा आरंभ झाला. मायकेल ईव्हिस (जन्म १९३५) हे मेथडिस्ट पंथाच्या शेतकरी कुटुंबातील. १९५४ साली वडील वारल्यावर व्यापारी जहाजावरील नोकरी सोडून त्यांनी सुमारे दीडशे एकर जमीन आणि साठ गाईंचा भार अंगावर घेतला. १९७० च्या जूनमध्ये जवळच शेप्टन मॅलेट येथे भरलेला मोठा ब्लूज मेळा त्यांनी पाहिला आणि तसे काही आपल्या शेतावर करावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९ सप्टेंबर १९७० रोजी, म्हणजे जिमी हेंड्रिक्सच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, वर्दी फार्मवर पहिला मेळा भरला. प्रवेशमूल्य एक पौंड होते आणि शेतावरील दूध फुकट मिळत असे. सुमारे दीड हजार माणसे आली. किंक्स हे मंडळ ठरले होते ते आले नाही. त्यांच्या जागी मार्क बोलन यांचे टिरॅनोसॉरस रेक्स हे मंडळ गायले. शेताच्या कर्जाला या मेळ्याने हातभार लागेल ही ईव्हिस यांची आशा फोल ठरली.

त्या एका पेलाभर दुधाकडे इतिहासकाराने थोडे थांबून पाहावे. तिकीट काढून आलेला मनुष्य त्या दुधामुळे शेतकऱ्याच्या घरचा पाहुणाही होत होता. पुढील सर्व प्रकरणाची गुंतागुंत या दुहेरी नात्यात सामावलेली आहे.

पुढल्या वर्षीचा मेळा अगदी निराळ्या हातांनी घडविला. अँड्रू कर आणि विन्स्टन चर्चिल यांची नात अरबेला चर्चिल यांनी शेतावरील घरात ठाण मांडले, संपन्न मित्रांकडून पैसा गोळा केला आणि २० जून १९७१ पासून, उत्तरायणाच्या शेवटास, विनामूल्य मेळा भरविला. बाजारी संगीतमेळ्यांविरुद्ध हा त्यांचा निषेध होता. पाइपांचा सांगाडा, धातूची जाळी व पातळ आवरण यांचा पिरॅमिडच्या आकाराचा रंगमंच बिल हार्किन यांनी उभारला. पहाटेच्या सुमारास डेव्हिड बोवी गायले. सुमारे बारा हजार लोक जमले असे मानले जाते. या मेळ्यावरील चित्रपटाच्या व ध्वनिमुद्रिकासंचाच्या नावात ‘फेअर’ हा शब्द मुद्दाम जुन्या वळणाने, ‘वाय’ अक्षर घालून लिहिला गेला. हे वर्णलेखन कोणत्याही अस्सल मध्ययुगीन परंपरेपेक्षा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील जुनेपणाच्या हौसेशी अधिक जवळचे आहे. तथापि त्यामागचा हेतू खरा होता : ज्या जत्रेला माणूस कुणालाही न विचारता जाऊ शकत असे, ती त्यांना परत आणावयाची होती. मध्ययुगीन जत्रेलाही सनद लागत असे आणि तेथील दुकानदारांकडून जागेचे भाडे वसूल होत असे, ही गोष्ट मात्र त्या उत्साहात कुणाच्या ध्यानी आली नसावी.

या पिढीच्या शब्दसंग्रहात ‘फ्री फेस्टिव्हल’ हा प्रयोग मध्यवर्ती आहे. ‘फ्री’ या एका इंग्रजी शब्दात मराठीतील दोन स्वतंत्र अर्थ राहतात : मोफत आणि मुक्त. जे मोफत ते मुक्त, आणि ज्याला दाम पडला ते बंदिस्त, हे समीकरण इंग्रजी बोलणाऱ्याच्या जिभेवर आपोआप तयार होते. मराठी बोलणाऱ्याला ते युक्तिवादाने सिद्ध करून दाखवावे लागेल. शब्दाने इतिहास घडतो असे म्हणण्याचे धाडस करू नये. पण ऑगस्ट १९७० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर कुंपणाबाहेरच्या टेकडीवर जमलेल्या हजारो लोकांनी ‘संगीत फ्री असले पाहिजे’ असा आग्रह धरला आणि अखेर आयोजकांना द्वार मोकळे करावे लागले, तेव्हा ते कोणत्या अर्थाने बोलत होते, हे त्यांनाही वेगळे करून सांगता आले नसते.

राज्यसंस्थेने मात्र हे दोन्ही अर्थ काटेकोरपणे वेगळे केले. १९७१ साली आइल ऑफ वाइटपुरता कायदा झाला व पाच हजारांवरील रात्रीच्या मेळाव्यांस परवाना आवश्यक ठरला. विंडसरच्या राजोद्यानातील मोफत मेळा १९७४ साली पोलिसांनी मोडून काढला. त्याच वर्षी स्टोनहेंजच्या शिलावर्तुळापाशी सुरू झालेला मोफत मेळा १९८४ पर्यंत चालला; १ जून १९८५ रोजी त्या दिशेने निघालेल्या फिरस्त्यांच्या गाड्यांचा तांडा विल्टशायरमध्ये अडविण्यात आला आणि पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याने तर रात्रीच्या उघड्यावरील मेळाव्यांच्या बंदोबस्तासाठी ‘संगीत’ या शब्दाच्या व्याप्तीत पुनरावृत्त ठेक्यांच्या आवाजाचाही समावेश केला. संगीतशास्त्रज्ञांनी ज्या व्याख्येपुढे शतकानुशतके हात टेकले, ती संसदेच्या मसुदाकारांनी एका उपकलमात उरकली.

या साऱ्या पार्श्वभूमीवर पिल्टनचा मेळा टिकला कसा? त्याचे एक कारण उघड आहे. विंडसर आणि स्टोनहेंज येथील जमीन मेळा भरविणाऱ्यांची नव्हती. पिल्टनची जमीन शेतकऱ्याची स्वतःची होती, आणि तो शेतकरी तेथेच राहत होता.

दुसरे कारण १९८१ साली घडले. मध्यंतरीच्या वर्षांत १९७८ चा आयत्या वेळचा छोटा मेळा आणि १९७९ चा तोट्यात गेलेला मेळा एवढेच झाले होते. १९८१ मध्ये ईव्हिस यांनी अण्वस्त्रविरोधी चळवळीशी हातमिळवणी करून मेळा पुन्हा उभा केला. आता पिरॅमिड कायमचा बांधण्यात आला. तारांचे जुने खांब आणि संरक्षण खात्याने निकालात काढलेले पत्रे त्यासाठी वापरले गेले. अण्वस्त्रांविरुद्धच्या मेळ्याचे छप्पर संरक्षण खात्याच्या पत्र्यांचे होते आणि हिवाळ्यात त्याच छपराखाली गाई बांधल्या जात. तिकिटाच्या पैशाचा विनियोग कशासाठी होतो हे ठाऊक असल्यामुळे येणारा मनुष्य निव्वळ करमणुकीचा ग्राहक राहिला नाही. तो एका चळवळीचा वर्गणीदार झाला. नव्वदीच्या दशकात चळवळीची जागा ग्रीनपीस, ऑक्सफॅम व वॉटरएड या संस्थांनी घेतली, पण तिकिटाचे हे नैतिक समर्थन तसेच राहिले.

१९८२ च्या कायद्याने उघड्यावरील संगीताच्या कार्यक्रमांना परवाना देण्याचा अधिकार स्थानिक मंडळांकडे आला. १९८३ साली मेंडिप जिल्हा मंडळाने पहिला परवाना दिला. मर्यादा तीस हजारांची होती. शर्तींच्या भंगाबद्दल मंडळाने ईव्हिस यांच्यावर पाच आरोप ठेवले, आणि १९८४ च्या जानेवारीत शेप्टन मॅलेटच्या न्यायालयाने ते सर्व फेटाळले. मंडळाची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. अरुंद रस्ते, रात्रभरचा गोंगाट, सांडपाणी आणि चोऱ्या यांचा त्रास त्या खेड्यातील रहिवाशांना होत होता, आणि त्यांनी हा मेळा मागितला नव्हता. पुढे पिल्टनच्या ग्रामस्थांना मोफत प्रवेश देण्याची रीत पडली. ईव्हिस हे गावातील मेथडिस्ट प्रार्थनामंदिरात गाणारे, गावचेच गृहस्थ होते, हीही गोष्ट या वादात कमी महत्त्वाची नव्हती.

१९८५ नंतर स्टोनहेंजची वाट बंद झालेले फिरस्ते पिल्टनला आले आणि ईव्हिस यांनी त्यांना जागा दिली. येथे पाहुणचाराची खरी कसोटी लागली. १९९० च्या मेळ्याअखेरीस फिरस्ते आणि रखवालदार यांच्यात मारामारी झाली. १९९१ साली मेळा भरला नाही. १९९२ पासून फिरस्त्यांना पूर्वीप्रमाणे मोफत जागा मिळेनाशी झाली. हा निर्णय समजण्यासारखा असला तरी, मेळ्याच्या वृत्तांतांतून त्याचा उल्लेख ज्या घाईने उरकला जातो ती घाई समर्थनीय नाही. मेळ्याच्या वातावरणाला ज्यांच्यामुळे रंग चढला होता, त्यांतील अनेक जण आता दाराबाहेर राहिले.

तथापि कुंपणावरून उड्या मारून येणाऱ्यांची परंपरा थांबली नाही. कुंपण ओलांडणे हा मेळ्याच्या रिवाजाचाच भाग होऊन बसला होता, आणि तिकीट काढलेले लोकही त्याकडे कौतुकाने पाहत. २००० साली एक लाख तिकिटांच्या मेळ्यात सुमारे अडीच लाख माणसे असल्याचा अंदाज करण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच, ३० जून रोजी, डेन्मार्कमधील रॉस्किल्ड मेळ्यात गर्दीत चेंगरून नऊ जण दगावले. कुंपण ओलांडणाऱ्या तरुणाच्या कौतुकात जी एक गोष्ट कुणी हिशेबात धरली नव्हती, ती त्या नऊ मृत्यूंनी सर्वांपुढे ठेवली : आत किती माणसे आहेत हे कुणालाच ठाऊक नसेल, तर त्यांच्या जिवाची जबाबदारी कुणाला घेता येत नाही. २००१ चा मेळा रद्द झाला. २००२ मध्ये सबंध आवाराभोवती उंच पोलादी कुंपण उभे राहिले आणि व्यवस्थेसाठी मीन फिडलर या व्यावसायिक संस्थेस सहभागी करून घेण्यात आले. तो संबंध पुढे संपुष्टात आला, कुंपण राहिले. २००७ पासून तिकीट मागणाऱ्याने आधी आपले छायाचित्र नोंदविले पाहिजे असा नियम झाला. हेतू काळाबाजार रोखण्याचा होता व तो बऱ्याच अंशी साधला. परंतु १९७० साली ज्याच्या हाती दुधाचा पेला दिला गेला त्याचे नावही कुणी विचारले नव्हते.

१९९४ साली मेळ्याच्या काही दिवस आधी पिरॅमिड जळाला आणि त्याच वर्षी मेळा प्रथम दूरचित्रवाणीवर दिसला; १९९७ पासून बीबीसीने ते काम हाती घेतले. त्यामुळे ‘उपस्थिती’ या कल्पनेलाच फाटा फुटला. घरबसल्या ऐकणाऱ्यांची संख्या कुंपणाच्या आतील संख्येच्या कितीतरी पट झाली, आणि त्यांच्यासाठी कोणतेच कुंपण नव्हते. एका अर्थी १९७१ चा मोफत मेळा त्यांनाच लाभला. चिखल तेवढा त्यांच्या वाट्यास आला नाही. १९९७ सालचा चिखल पाहता, त्यांनी त्याबद्दल फार हळहळ केली नसावी.

दर काही वर्षांनी मेळा एक वर्ष बंद ठेवण्याची रीत आहे. त्यास इंग्रजीत शेतीतलाच शब्द वापरतात : जमीन पड टाकण्याचे वर्ष. २०२० आणि २०२१ ही महामारीची वर्षे त्यांत मोजली जात नाहीत, कारण ती कुणी ठरवून टाकली नव्हती. २०२४ साली ईव्हिस यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. व्यवस्थेचा मोठा भार तोवर त्यांची कन्या एमिली यांच्याकडे आला होता. ग्लॅस्टनबरी मठाच्या काळातील दशमांश धान्याचे कोठार पिल्टनमध्ये आहे. १९६३ साली वीज पडून त्याचे छप्पर जळाले होते. ईव्हिस यांच्या साहाय्याने ते पुन्हा घालण्यात आले. २०२६ हे पडीचे वर्ष म्हणून ठरविण्यात आले आणि त्या जूनपुरते ते कुरण गाईंसाठी मोकळे ठेवले गेले.