टाकी उपसायची मजुरी

मागच्या बैठकीत विषय निघाला, संडासाची टाकी भरली, उपसायला कोणाला बोलवायचं? "गाडीपेक्षा माणूस स्वस्त पडतो," असं आमच्यातल्याच काहीजणी म्हणाल्या. म्हणून आज जरा मागे वळून पाहू.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं. मोबदला काय, तर शिळी भाकरी आणि जुनं लुगडं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी 'हे काम आम्हालाही करू द्या' म्हणून उपोषण केलं. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत करणारा संडास उभा केला.

हाताने मैला उचलण्यावर १९९३ साली कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. उतरवणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे घरमालकही सुटत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली.

टाकीत विषारी वायू साठतो. एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघंही जातात. मग वाचवलेल्या पैशांना काय अर्थ?

आम्ही गटात ठरवलंय: चार-पाच घरांनी मिळून उपसा करणारी गाडी बोलवायची, दर आधी ठरवायचा, भाडं वाटून घ्यायचं. कमी पडलं तर गटातून कर्ज. पण टाकीत कोणालाच उतरवायचं नाही. तुमच्या गटातही बोला.