पावसाची सुटी आणि इंग्रजीचा धडा

अमेरिकेच्या उत्तर भागांत मोठा हिमवर्षाव झाला म्हणजे शाळा बंद राहतात, आणि बुडालेले दिवस पुष्कळदां वर्षाअखेर भरून काढले जातात. मुंबईच्या उपनगरांत हिम पडत नाहीं. येथें तें काम पाऊस करतो. शाळा बंद पडल्यावर अभ्यासाची होणारी हानि मात्र दोन्हीकडे सारखीच.

सन २००५ च्या जुलैची २६ तारीख उपनगरवासी विसरणें शक्य नाहीं. त्या मंगळवारीं व रात्रीं मिळून चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास तो अवघा ७३ मिलिमीटर होता. मिठी नदीनें पात्र सोडलें, आगगाड्या थांबल्या, अंधेरीनजीक साकीनाक्यास दरड कोसळून अनेक माणसें दगावलीं. कित्येक मुलांना ती रात्र वर्गांतच काढावी लागली. सखल वस्त्यांतून दप्तरें आणि वह्या-पुस्तकें भिजून गेलीं. प्राणहानीपुढें अभ्यासाची हानि लहान खरी. पण ती फार दिवस टिकली.

पाणी ओसरलें, शाळा भरल्या, आणि हिशेबाची वेळ आली. मार्चमधील दहावीची परीक्षा पावसाची सबब ऐकत नाहीं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती सन २००० मध्यें. म्हणजे २००५ सालीं आठवी ते दहावींत असलेल्या मुलांनीं ती भाषा पांचवींतच प्रथम हातीं धरलेली. इतिहासाचा राहिलेला धडा मूल घरीं वाचून समजून घेतें, कारण त्याची भाषा घरचीच असते. इंग्रजीचें तसें नाहीं. तिचा उच्चार कानीं पडावा लागतो, वाक्य सोडवून दाखवावें लागतें, चूक कोणीतरी सुधारावी लागते. ज्या घरीं इंग्रजी जाणणारें माणूस आहे, तेथें ही तूट आठवड्यांत भरते; इतरत्र ती वर्षभर सलत राहते.

जादा तास, दिवाळीच्या सुटींतील वर्ग आणि सोबत्याची वही उतरवून घेणें, हे शाळांच्या परिचयाचे उपाय. यांतील शेवटचा फार फसवा आहे. त्यानें वही पुरी होते, धडा पुरा होत नाहीं.

सन २०२० च्या साथींत शाळा महिनोन्महिने बंद राहिल्या, तेव्हां सरकारनें अभ्यासक्रमच २५ टक्क्यांनीं कमी केला. २०२१ सालीं दहावीची परीक्षाही रद्द झाली. मुलांवरील भार त्यामुळें हलका झाला. परंतु वगळलेलें व्याकरण पुढच्या इयत्तेच्या दाराशीं पुन्हां उभें राहतेंच.

सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांस वर्षाचे २२० दिवस नेमून दिले आहेत. दिवस मोजतां येतात. कोणत्या मुलाचें काय राहिलें, हें मात्र त्याला जवळ बसवूनच कळतें. सुशिक्षित घरांनीं पावसाच्या सुटींत आपल्या मुलासोबत शेजारचेंही एखादें मूल अर्धा तास वाचावयास बसविलें, तर शाळेचें निम्में काम शाळा उघडण्यापूर्वींच झालेलें असेल.