सोळा आण्यांची माती

गिरगावातील फणसवाडी किंवा साहित्य संघाची केळेवाडी ही नावे आपण केवळ पत्ता म्हणून उच्चारतो. त्यांतली 'वाडी' मात्र मुळात बागाइताची. जुन्या मुंबईत नारळीच्या बागांना मासळीचे खत घालीत. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनच्या प्रवासवर्णनात इथल्या रोगट हवेचे खापर मुख्यतः या खतावरच फोडलेले आहे. निदान चुकीचे, पण नोंद मोलाची. जमिनीतून जे घेतले ते तिला परत द्यावे लागते, ही जाण त्या खतामागे होती.

पुढच्या शतकात मुंबई सरकारने देशावरच्या मातीचा कस कागदावर उतरवला, तो निराळ्या हेतूने. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड यांनी सुरू केलेल्या पाहणीला विंगेट यांची जोड मिळाली आणि तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. शेताच्या नकाशावर भाग पाडायचे, प्रत्येक भागातील मातीची खोली हातांत मोजायची, रंग व पोत पाहून प्रत ठरवायची. चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष दिसले की ती उतरवायची. खोल काळी जमीन सोळा आण्यांची, सर्वांत हलकी दोन आण्यांची. एकूण नऊ पायऱ्या. सारा ठरे तो या आण्यांवरून, आणि तोही तीस वर्षांसाठी. रयतेने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेवर वाढीव सारा लावू नये, असे न्याय्य तत्त्वही या पद्धतीत होते.

तथापि तिच्या मुळाशी एक गृहीत होते: कस हा जमिनीचा उपजत, स्थिर गुण आहे. तो झिजतो, वाहून जातो, याला तक्त्यात रकाना नव्हता. ही उणीव जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) भरून निघते. डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत वाया जाते, म्हणून ताली-बंधारे घालून ते शेतात मुरवावे, असे ते सांगतात. फुल्यांच्या लेखी कस ही वाहती वस्तू आहे.

रत्नागिरी-साताऱ्याकडून लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेल्या कुटुंबांच्या सातबारावर 'आकार' म्हणून जो आकडा असतो, त्याचे मूळ या मोजणीत आहे. गिरण्या बंद पडल्या, आणेही चलनातून गेले. आकाराचा रकाना राहिला.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेने नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब असे बारा घटक तपासायला घेतले. ठरावीक काळाने पुन्हा तपासणी हे तिचे तत्त्व. म्हणजे दृष्टी फुल्यांच्या जवळची. पण तिच्यात बागायतीत अडीच आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना धरला होता. रसायन न जाणणारा जुना मोजणीदार एकाच शेतात अनेक जागी माती पाहत असे, हे विसरून चालणार नाही.

ग्रामीण कथा शिकवताना 'हलकी', 'मुरमाड', 'बरड' हे शब्द आपण वातावरणनिर्मितीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. वस्तुतः ज्या जमिनीला ते लागले, तिच्या धन्याचा सारा, पत आणि पुष्कळदा मुंबईची वाटही त्यांच्याशी बांधलेली होती. पात्राच्या जातीची व नात्यांची चर्चा आपण करतो. त्याच्या शेताची प्रत कोणती, हा प्रश्नही वर्गात विचारायला हवा.