अपघाताची भरपाई: तडजोड कधी करावी?

रस्ते अपघातात जखमी झालेल्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार विमा कंपनीचा अधिकारी ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकतो. तो नाकारल्यास दाव्याची सुनावणी होते. दावा लोकअदालतीतही मिटतो. तिथे पैसे लवकर मिळतात, पण निवाड्यावर अपील करता येत नाही. म्हणून उपचार सुरू असताना घाई नको. आधी अपंगत्वाचा दाखला घ्यावा. झालेला खर्च, पुढची शस्त्रक्रिया आणि बुडालेली कमाई यांची बेरीज करावी. चालकाचा हात निकामी झाला, तर अपंगत्वाच्या टक्केवारीपेक्षा त्याची कमावण्याची क्षमता किती घटली, हे महत्त्वाचे ठरते. प्रस्ताव या हिशेबाशी ताडूनच सही करावी.